हेमाडपंत : दगडी देवळांमागचा वैद्यकभाष्यकार

डोके, मान आणि जबड्याच्या दुखण्यावर सातशे वर्षांपूर्वी एका राजमंत्र्याने केलेला विचार

प्रतिनिधी, दुसरबीड (जि. बुलडाणा)

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुसरबीड हे गाव लागते. या टापूत चुना न वापरता दगडावर दगड बसवून उभारलेले एखादे जुने देऊळ दिसले, की त्याला हेमाडपंती म्हणण्याची रीत आहे. लोणारचे दैत्यसूदन मंदिर असो किंवा सिंदखेडराजाचे नीळकंठेश्वर, ओळख एकच. हेमाडपंत हे नाव त्यामुळे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र याच हेमाडपंताने, म्हणजे देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित याने, आयुर्वेदातील एका प्रमुख ग्रंथावर विस्तृत संस्कृत टीका लिहिली, ही गोष्ट वैद्यांच्या वर्तुळाबाहेर फारशी पोहोचलेली नाही.

डोकेदुखी, मानेचा ताठरपणा आणि जबड्याचे दुखणे या तक्रारी आज घरोघरी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये जगातील सुमारे ३१० कोटी लोकांना डोकेदुखीचा एखादा ना एखादा विकार होता. या दुखण्यांची कारणे कोणती, त्यांवर कोणते उपचार कोणत्या क्रमाने करावेत आणि कधी करू नयेत, याचा विचार हेमाद्रीने ज्या ग्रंथावर टीका केली त्यात नेटकेपणाने आलेला आहे. या मंत्र्याचे चरित्र त्या अंगाने पाहिले, तर दगडी देवळांपलीकडचा एक वेगळाच माणूस समोर येतो.

देवगिरीचा श्रीकरणाधिप

हेमाद्री हा वत्सगोत्री ब्राह्मण. वडिलांचे नाव कामदेव, आजोबा वासुदेव, पणजोबा वामन. घराणे विद्येचे असले तरी हेमाद्रीची कीर्ती झाली ती राजकारभारातून. यादव राजा महादेव १२६१ च्या सुमारास देवगिरीच्या गादीवर आला. त्याच्या दरबारात हेमाद्री श्रीकरणाधिप झाला. राज्याचे दप्तर, हिशेब, दानपत्रे आणि आज्ञापत्रे यांचा कारभार ज्या खात्यातून चाले, त्याचा हा प्रमुख. आजच्या भाषेत सांगायचे, तर सचिवालय आणि कोशागार यांची सूत्रे एकाच हाती असावीत, तसे हे पद होते.

महादेवानंतर त्याचा मुलगा आमण गादीवर बसला. परंतु १२७१ मध्ये पुतण्या रामचंद्राने त्याला दूर सारून राज्य घेतले. अशा उलथापालथीत जुन्या राजाची माणसे सहसा टिकत नाहीत. हेमाद्री टिकला, इतकेच नव्हे तर त्याचे वजन वाढले. ठाणे येथे सापडलेल्या १२७२ च्या ताम्रपटात श्रीकरणाबरोबरच हत्तीदळाची जबाबदारीही त्याच्याकडे असल्याचे आणि त्याने झाडीमंडळ म्हणजे पूर्व विदर्भाचा मुलूख जिंकल्याचे उल्लेख आहेत. बुलडाणा जिल्ह्यातील लोणार आणि मेहकर ही गावे त्या काळीही नांदती होती. महानुभावांच्या लीळाचरित्रात या परिसराची वर्णने येतात.

लोकपरंपरेने या मंत्र्याच्या खात्यावर पुष्कळ गोष्टी जमा केल्या आहेत. मोडी लिपी त्याने लंकेहून आणली, बाजरीचे पीकही त्यानेच आणले, अशा कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. इतिहासाच्या कसोटीवर त्या उतरत नाहीत. देवळांचेही तसेच आहे. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० मधले, म्हणजे हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षांचे. दगडांत खाचा आणि कुसू ठेवून चुन्याविना बांधकाम करण्याची ही पद्धत त्याच्यापूर्वीच रूढ झाली होती. तिला त्याचे नाव मिळाले, यावरून त्याच्या दबदब्याची कल्पना मात्र येते. दप्तरी पत्रे कोणाला कशी लिहावीत, मायने कसे असावेत, हिशेब कसे मांडावेत यासंबंधीचे मेस्तक त्याच्या नावे प्रसिद्ध आहे, आणि मोडीच्या कथेचे मूळही बहुधा या दप्तरी शिस्तीतच असावे. प्रत्येक गोष्टीला जागा, क्रम आणि प्रमाण नेमून द्यायचे, हा त्याचा स्वभाव होता. पुढे त्याने हाती घेतलेल्या ग्रंथांत तोच स्वभाव उतरला.

चतुर्वर्गचिंतामणी आणि त्यावरील आक्षेप

हेमाद्रीचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे चतुर्वर्गचिंतामणी. व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष असे त्याचे पाच खंड योजलेले होते. त्यांपैकी तीर्थ आणि मोक्ष हे खंड हाती लागलेले नाहीत. उरलेल्या भागांचाच विस्तार इतका आहे, की कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला १८७३ पासून अनेक वर्षे तो क्रमाक्रमाने छापावा लागला. कोणत्या तिथीला कोणते व्रत करावे, कोणते दान कसे द्यावे, श्राद्धाचा काळ कोणता, याविषयी जुन्या ग्रंथांतून मिळेल ते वचन गोळा करून येथे विषयवार लावलेले आहे. व्रतखंडाच्या आरंभी यादव राजांची प्रशस्ती आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिताना यादवांची वंशावळ जुळवण्यासाठी याच प्रशस्तीचा मोठा आधार मिळाला.

या ग्रंथाने हेमाद्रीला धर्मशास्त्रात मानाचे स्थान दिले आणि टीकेचा धनीही केले. समाजाला व्रतवैकल्यांच्या जाळ्यात गुंतवून ठेवणारा मंत्री, असा ठपका इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याच्यावर ठेवला. महानुभाव परंपरेचा आक्षेप याहून गंभीर आहे. चक्रधरस्वामींचा जो छळ झाला, त्यामागे हेमाद्रीचा हात होता, असे त्या पंथाचे वाङ्मय सांगते. कर्मकांडाचा पुरस्कर्ता मंत्री आणि कर्मकांड नाकारणारे स्वामी यांच्यातील हा संघर्ष होता. हेमाद्रीचे चरित्र लिहिताना ही बाजू झाकून ठेवता येणार नाही. वैद्यकावरील त्याच्या टीकेत रुग्णाविषयीची जी काळजी दिसते, तिच्या शेजारीच हा आरोपही वाचावा लागतो.

व्रतांसाठी आरोग्य, आरोग्यासाठी टीका

वैद्यकाकडे हेमाद्री कसा वळला, याचे उत्तर त्याने स्वतःच टीकेच्या प्रारंभी दिले आहे. चतुर्वर्गचिंतामणीत सांगितलेली व्रते आणि दाने सिद्धीस जायची, तर करणाऱ्याचे आरोग्य चांगले हवे. ते आरोग्य साधावे म्हणून वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर सहज समजेल अशी टीका आपण चरक, हारीत, सुश्रुत आदींच्या मतांना अनुसरून लिहीत आहोत, असा त्याचा आशय आहे. त्या टीकेचे नाव आयुर्वेदरसायन. रामचंद्राच्या मंत्र्याच्या नात्याने आणि चतुर्वर्गचिंतामणीच्या नंतर ती लिहिली गेल्यामुळे तिचा काळ १२७१ नंतरचा ठरतो.

अष्टांगहृदय हा सुमारे सातव्या शतकातील ग्रंथ. चरक आणि सुश्रुत यांच्या विस्तीर्ण संहितांचे सार वाग्भटाने त्यात पद्यबद्ध केले. पद्य पाठ करायला सोपे, पण समजायला अवघड. शब्द थोडे आणि अर्थ दाट. म्हणूनच त्यावर टीकांची गरज पडली. हेमाद्रीपूर्वी अरुणदत्ताची सर्वांगसुंदरा ही टीका प्रचलित होती. हेमाद्रीने तिच्या शेजारी आपली टीका उभी केली. वाग्भटाचे एखादे वचन घ्यायचे, त्यातील शब्द उलगडायचे, मग त्याच विषयावर इतर आचार्य काय म्हणतात ते समोर ठेवायचे आणि मतभेद असल्यास त्याची संगती लावायची, अशी त्याची पद्धत. मूळ ग्रंथ हरवलेल्या काही जुन्या आचार्यांची मते आज त्याच्या टीकेमुळेच अंशतः कळतात.

या कामात त्याच्याभोवती जाणकारांचा मेळा होता. मुग्धबोध व्याकरणाचा कर्ता बोपदेव हा त्याच्या आश्रयाला होता. बोपदेवाचे वडील केशव हे वैद्य. वरदा म्हणजे वर्धा नदीच्या काठच्या परिसरातले हे घराणे. केशवाने द्रव्यांच्या गुणांवर सिद्धमंत्र नावाचा ग्रंथ लिहिला, त्यावर बोपदेवाने टीका केली, आणि औषधयोगांवर शतश्लोकी हा स्वतंत्र ग्रंथही रचला. देवगिरीच्या दरबारात विदर्भातील वैद्यकविद्येचा असा एक धागा गुंफलेला होता. हेमाद्रीच्या नावावरील ग्रंथांत या पंडितांचा वाटा किती, याची चर्चा अभ्यासकांत होत आली आहे. कारभाराच्या रगाड्यात असलेल्या मंत्र्याने एवढे लेखन एकट्याने केले असेल, हे अवघड वाटते. परंतु आखणी आणि जबाबदारी त्याची होती, यात शंका नाही.

अश्रू रोखल्याने मान आखडते

हेमाद्रीची टीका आज संपूर्ण ग्रंथावर उपलब्ध नाही. सूत्रस्थान या पहिल्या भागावरील टीका मात्र पूर्ण मिळते, आणि डोके, मान व मुखाच्या दुखण्यांसंबंधीचे नित्याचे उपाय नेमके याच भागात आहेत.

कारणांची सुरुवात रोजच्या वागण्यापासून होते. शरीराचे नैसर्गिक वेग दाबू नयेत, हे सांगणारा एक अध्याय सूत्रस्थानात आहे. शिंक दाबली तर डोके दुखते, इंद्रिये दुर्बळ होतात, मान आखडते आणि चेहरा वाकडा होण्याचा विकारही जडू शकतो, असे तेथे म्हटले आहे. अश्रू रोखल्याने होणाऱ्या त्रासांची यादी अधिक विचार करायला लावणारी आहे. पडसे, डोळे दुखणे, डोके दुखणे, छातीत दुखणे, मान ताठरणे, अन्नावरची वासना जाणे आणि चक्कर येणे हे सारे त्या यादीत आहे. उपाय म्हणून झोप, मद्य आणि आवडत्या गोष्टींच्या गप्पा सुचवलेल्या आहेत. यातील मद्याचा सल्ला आजचे वैद्यक देणार नाही. पण मनातले दुःख दाबून धरले की मान आणि डोके दुखू लागते, हा अनुभव तेराव्या शतकातील वाचकालाही परका नसावा. झोप दाबल्याने डोके आणि डोळे जड होतात, अंग मोडून येते. त्यावर झोप घेणे आणि अंग रगडून घेणे हाच उपाय, असेही तेथे सांगितले आहे.

ग्रंथाच्या शेवटच्या भागात, उत्तरस्थानात, वाग्भटाने डोकेदुखीची कारणे पुन्हा एकत्र दिली आहेत. धूर, ऊन, दहिवर, फार झोप किंवा जागरण, समोरून येणारा वारा, अतिमद्यपान, उशीच्या बाबतीतील हेळसांड, डोक्याला तेल लावण्याचा कंटाळा, फार बोलणे, न मानवणारे वास आणि सतत खाली पाहत राहणे. यातील शेवटचे कारण पोथी लिहिणाऱ्या कारकुनाला जेवढे लागू होते, तेवढेच मोबाइलच्या पडद्यावर मान वाकवून बसणाऱ्यालाही लागू होते.

दुखण्याचे प्रकारही तेथे वेगवेगळे केलेले आहेत. सूर्याबरोबर चढणारे आणि उतरणारे दुखणे म्हणजे सूर्यावर्त. अर्धेच डोके दुखणारा, पंधरवड्याने किंवा महिन्याने उलटणारा आणि आपोआप शमणारा विकार म्हणजे अर्धावभेदक, आपल्याकडची अर्धशिशी. मायग्रेन हा शब्दही अर्धे डोके या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आला आहे. दोन दूरदूरच्या वैद्यक परंपरांनी एकाच लक्षणावरून आजाराला नाव दिले, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

जबड्याविषयी निदानस्थानात हनुस्रंस हा विकार सांगितला आहे. जीभ फार जोराने घासल्याने, कोरडे व कठीण पदार्थ चावल्याने किंवा मार लागल्याने जबड्याच्या मुळाशी वात बिघडतो. मग तोंड उघडे ते उघडेच राहते, किंवा मिटले ते उघडत नाही. चावणे आणि बोलणे कष्टाचे होते. यावरील चिकित्सा साधी आणि हाताची आहे. आधी तेल लावून शेकावे, म्हणजे स्नायू सैल पडतील. नंतर कुशल वैद्याने उघड्या तोंडाची हनुवटी वर उचलून आणि मिटलेल्या तोंडाची खाली आणून जबडा जागेवर बसवावा. सांधा निखळल्यास स्नायू सैल करून तो हाताने बसवणे, हे तत्त्व आजच्या रुग्णालयातही पाळले जाते. पद्धत मात्र वेगळी आणि अधिक नेमकी आहे.

नाक हे डोक्याचे दार

उपचारांच्या बाबतीत सूत्रस्थानातील विसावा आणि बाविसावा हे दोन अध्याय महत्त्वाचे आहेत. विसाव्यात नस्य म्हणजे नाकातून औषध देण्याचा विधी आहे. नाक हे डोक्याचे दार आहे, या कल्पनेवर तो आधारलेला आहे. नस्याचे तीन प्रकार केले आहेत. साचलेला कफ बाहेर काढणारे, बळ देणारे आणि शमवणारे. जडपणा आणि गळ्याचे विकार असलेल्या डोकेदुखीला पहिला प्रकार, तर वाताच्या डोकेदुखीला, सूर्यावर्ताला, तोंड-नाक कोरडे पडण्याला आणि खांदा-दंड आखडण्याला दुसरा. म्हणजे डोके दुखते एवढ्यावर औषध ठरत नाही. कसे दुखते, हे पाहावे लागते.

यापेक्षा बारकाईने दिलेले आहे ते कोणाला देऊ नये याचे विवरण. नुकतेच जेवलेला, पाणी किंवा मद्य प्यालेला, डोक्यावरून न्हालेला, नुकतेच पडसे झालेला, रक्तस्राव झालेला, दमा व खोकल्याचा रुग्ण, बाळंतीण अशा अनेकांना नस्य वर्ज्य आहे. आभाळ भरून आलेल्या दिवशीही ते टाळावे. वयाच्या मर्यादाही आहेत. सात वर्षांखालील मुलाला आणि ऐंशी वर्षांवरील वृद्धाला नस्य नाही, अठरा वर्षांखालील कोणाला औषधी धूम नाही, पाच वर्षांखालील मुलाला गुळणी नाही. हिशेबाच्या खात्यावर आयुष्य घालवलेल्या मंत्र्याला या अध्यायावर टीका करताना आपल्याच कामाची आठवण झाली असेल, तर नवल नाही.

बाविसाव्या अध्यायात तोंडात औषधी द्रव धरण्याचे दोन प्रकार आहेत. हलवताही येणार नाही इतके तोंड भरून धरणे म्हणजे गंडूष आणि खळखळवता येईल इतकेच घेणे म्हणजे कवल. कवलाने बरे होणाऱ्या विकारांत मान, डोके, कान, मुख आणि डोळे यांचे विकार एका ओळीत आलेले आहेत. हलणारे दात, आंबलेले दात आणि तोंडातील वाताचे विकार यांवर तिळाचा कल्क घातलेले पाणी धरावे, असे सांगितले आहे.

त्याच अध्यायात डोक्यावर तेल वापरण्याच्या चार पायऱ्या आहेत. साधे चोळणे, तेलाची धार धरणे, तेलात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवणे आणि शिरोबस्ती. प्रत्येक पुढची पायरी आधीच्यापेक्षा प्रभावी. कोरडेपणा आणि खाजेला पहिली पुरते. डोक्याची आग आणि जखमांना दुसरी. केस गळणे व डोळे ताठरणे यांना तिसरी. बधिरता, चेहरा वाकडा होणे, झोप न येणे आणि तीव्र शिरोरोग यांसाठीच चौथी. शिरोबस्तीत डोक्याभोवती बारा अंगुळे रुंदीचा चामड्याचा पट्टा बांधून, सांधा उडदाच्या पिठाने लिंपून, केसांच्या मुळांवर दोन अंगुळे राहील इतके कोमट तेल भरतात. किती वेळ ठेवायचे, याचेही माप आहे. वाताच्या विकारात दहा हजार मात्रा, पित्ताच्या आठ हजार, कफाच्या सहा हजार आणि निरोगी माणसाला एक हजार. गुडघ्याभोवती एकदा हात फिरवायला किंवा पापणी मिटून उघडायला लागणारा वेळ म्हणजे एक मात्रा. तेल काढल्यावर खांदे वगैरे भाग चोळावेत आणि हा उपचार सलग सात दिवसांपुढे करू नये. डोक्याच्या उपचारानंतर खांद्याकडे हात जावा, ही सूचना मानेच्या ताणामुळे डोके धरणाऱ्या कोणालाही पटेल.

यानंतर कानात तेल घालण्याचा विधी येतो. तेल घालून कानाचे मूळ हळूहळू चोळावे आणि वेदना सौम्य होईपर्यंत ते धरावे, असे त्यात आहे.

आजचे वैद्यक काय सांगते

डोके, मान, कान आणि जबडा यांचे दुखणे एकमेकांत का मिसळते, याचा उलगडा आधुनिक शरीरशास्त्राने केला. चेहरा, दात, जबडा आणि कपाळ यांच्या संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या मज्जातंतूच्या तीन शाखांतून मेंदूकडे जातात. मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या संवेदना मेंदूच्या देठापाशी त्याच केंद्रात येऊन मिळतात. त्यामुळे बिघाड मानेत असला तरी कपाळ दुखते. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो; म्हणून त्याचे दुखणे अनेकांना कानदुखी वाटते. रात्री झोपेत दात खाणाऱ्याला सकाळी कानशिले दुखतात, तेही याच कारणाने. जुन्या ग्रंथकारांना हे मज्जातंतू ठाऊक नव्हते. त्यांनी या अवयवांची दुखणी एकत्र मांडली, ती रुग्णांच्या निरीक्षणावरून.

ताणाची डोकेदुखी, अर्धशिशी, मानेच्या मणक्यांची झीज, जबड्याच्या सांध्याचे विकार, दातांचे आजार अशी कारणे आज वेगळी करता येतात. जबड्याच्या बहुतेक तक्रारी मऊ आहार, शेक, व्यायाम आणि दात खाण्याच्या सवयीवर उपचार यांनी, शस्त्रक्रियेविना आटोक्यात येतात. वेदनाशामक गोळ्यांचे प्रमाण मात्र सांभाळावे लागते. महिन्यातून पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस अशा साध्या गोळ्या तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ घेतल्यास, त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते.

काही लक्षणे घरगुती उपायांवर सोडता येत नाहीत. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक आणि प्रचंड डोकेदुखी, तापाबरोबर मान ताठ होणे, बोलणे अडखळणे किंवा हात-पाय लुळे पडणे, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे, छातीतील दडपणाबरोबर जबड्याकडे येणारी कळ यांपैकी काहीही असल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. पन्नाशीनंतर प्रथमच डोके दुखू लागले आणि चावताना जबडा दुखत असेल, तर दृष्टी जाण्याचा धोका असतो. तेथेही विलंब चालत नाही. तोंड हळूहळू कमी उघडू लागणे हे सुपारी आणि गुटख्याच्या सेवनाने होणाऱ्या विकाराचे लक्षण असू शकते आणि तो पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी ही सवय अद्याप सुटलेली नाही. जबडा घट्ट मिटण्याचे दुसरे भयंकर कारण म्हणजे धनुर्वात. हेमाद्रीच्या काळी त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. आज त्याची लस प्रत्येक सरकारी दवाखान्यात मिळते.

नस्य किंवा शिरोबस्ती करून घ्यायची असल्यास ती शिकलेल्या वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावी. नाकात घातलेले तेल श्वसनमार्गात उतरल्यास फुप्फुसांना अपाय होऊ शकतो. कोणाला उपचार देऊ नये, याची एवढी लांब यादी मूळ ग्रंथात दिलेली आहे, त्यामागेही असाच अनुभव असणार.

राज्य गेले, पोथी राहिली

रामचंद्राच्या काळात देवगिरीचे वैभव शिगेला पोहोचले होते. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच राजाच्या राज्यात. पुढे सहाच वर्षांनी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर अचानक चाल केली आणि अपार संपत्ती लुटून नेली. त्यानंतर यादवांचे राज्य सावरले नाही. हेमाद्रीने शिस्त लावलेले श्रीकरण, त्याचे हत्तीदळ, त्याने जिंकलेला मुलूख यांतले काहीही पुढल्या शतकात उरले नाही.

आयुर्वेदरसायनाच्या पोथ्या मात्र वैद्यांच्या घरांतून नकलून घेतल्या जात राहिल्या. १८८० मध्ये डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी मुंबईत अष्टांगहृदय अरुणदत्ताच्या टीकेसह छापले. १९३९ मध्ये अकोल्याचे वैद्य हरिशास्त्री पराडकर यांनी अरुणदत्त आणि हेमाद्री या दोघांच्या टीका एकाच ग्रंथात संपादित केल्या आणि मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने तो ग्रंथ प्रसिद्ध केला. देशभरातील आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना हेमाद्रीची टीका आज वाचायला मिळते, ती मुख्यतः या आवृत्तीमुळे. वऱ्हाडातील एका वैद्याने यादवांच्या मंत्र्याचे हे काम जतन केले, याचा बुलडाणा आणि अकोला जिल्ह्यांतील वाचकांना अभिमान वाटावा.

हेमाद्रीविषयी इतिहासाचा निवाडा एका वाक्यात देता येत नाही. व्रतांचा पसारा मांडल्याचा आक्षेप त्याच्यावर आहे, चक्रधरस्वामींच्या छळाचा आरोपही आहे. त्याचबरोबर दुखणाऱ्या डोक्यावर कोणता उपाय किती वेळ आणि कोणाला करू नये, हे विद्यार्थ्याला नीट कळावे म्हणून त्याने घेतलेले श्रमही आहेत. लोणार, मेहकर, सिंदखेडराजा या परिसरातील ज्या देवळांना त्याचे नाव लागले, त्यांतली बरीच त्याने बांधलेली नाहीत. ज्या ग्रंथावर त्याचा हक्क निर्विवाद आहे, तो वैद्यांच्या कपाटात आहे.